हिंगोलीचा हिवाळा आणि सरासरीचा अंदाज

पावसाळ्याचे चार महिने सरले की भारतीय हवामान विभाग ऑक्टोबर ते डिसेंबर या तिमाहीचा दीर्घकालीन अंदाज जाहीर करतो. त्यापाठोपाठ महिन्याच्या अखेरीस पुढील महिन्याच्या पावसाचे व तापमानाचे पूर्वानुमान येते आणि डिसेंबरच्या तोंडावर संपूर्ण हिवाळ्याचे चित्र मांडले जाते. वृत्तपत्रांत त्याचे मथळे होतात. ‘यंदा थंडी कडाक्याची’, ‘ऑक्टोबर हीट लांबणार’, ‘हिवाळा उबदार राहणार’ अशा शब्दांत तो अंदाज शहरी वाचकापर्यंत पोहोचतो. पुण्या-मुंबईच्या वाचकाला त्यातून स्वेटर केव्हा बाहेर काढायचा, याचा अदमास येतो. हिंगोली जिल्ह्यातील शेतकऱ्याला मात्र सोयाबीनची गंजी केव्हा मोडायची, हरभरा केव्हा टाकायचा, गव्हाला पाणी कोणत्या रात्री द्यायचे आणि हळदीच्या फडात साचलेले पाणी किती दिवसांत काढायचे, हे त्या अंदाजावरून ठरवावे लागते. हा निर्णय एकदा चुकला तर वर्षाची मिळकत हातची जाते.

त्यामुळे शरद संपून हेमंत लागतानाच्या या हवामान अंदाजाकडे केवळ ‘खरा ठरला की खोटा’ या एकाच कसोटीने पाहणे पुरेसे नाही. अंदाज ज्या भाषेत दिला जातो, ज्या अवधीसाठी दिला जातो आणि तो हाती आल्यानंतर त्यानुसार वागण्याची सोय शेतकऱ्याजवळ असते की नाही, हे तीन प्रश्न त्याहून मोठे आहेत. हिंगोलीचा गेल्या काही वर्षांचा अनुभव या तिन्ही प्रश्नांची उत्तरे समाधानकारक नाहीत, हेच सांगतो.

उत्तरेच्या वाऱ्याच्या वाटेवर

१ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन हिंगोली हा स्वतंत्र जिल्हा झाला. हिंगोली, सेनगाव, कळमनुरी, वसमत आणि औंढा नागनाथ हे त्याचे पाच तालुके. उत्तरेला विदर्भाच्या सीमेवरून वाहणारी पैनगंगा, दक्षिणेकडची पूर्णा आणि हिंगोली शहरातून जाऊन पैनगंगेला मिळणारी कयाधू या तीन नद्यांनी जिल्ह्याची जमीन घडवली आहे. सेनगाव, औंढा व कळमनुरीच्या टेकड्यांवर हलकी, उथळ माती, तर पूर्णेच्या काठाने वसमतपर्यंत खोल काळी जमीन आहे. पावसाळ्यात सरासरी सुमारे ८०० मिलिमीटर पाऊस पडणारा हा भाग उन्हाळ्यात तापतो, हे सर्वांना ठाऊक असते. मात्र परभणी-हिंगोली हा पट्टा मराठवाड्यातील सर्वाधिक थंड भागांपैकी एक आहे, याची जाणीव मराठवाड्याबाहेर कमीच असते.

ही थंडी स्थानिक नसते; ती उत्तरेकडून येते. भूमध्य समुद्राच्या बाजूने निघणारे पश्चिमी विक्षोभ काश्मीर-हिमाचलावरून सरकतात आणि तेथे बर्फवृष्टी होते. ते पुढे गेल्यावर उत्तर भारतातील कोरडे, गार वारे राजस्थान व मध्य प्रदेश ओलांडून विदर्भ-मराठवाड्यात उतरतात. येथे आकाश निरभ्र असेल, हवा कोरडी असेल आणि रात्री वारा पडलेला असेल, तर दिवसभर साठलेली जमिनीची उष्णता झपाट्याने निघून जाते. पहाटेपर्यंत जड, गार हवा नद्यांच्या सखल काठांवर साचते. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या मोकळ्या प्रक्षेत्रावरील पारा म्हणूनच अनेकदा राज्यातील नीचांकांच्या यादीत झळकतो. डिसेंबर २०१८ च्या अखेरीस तो ३ अंश सेल्सिअसच्या आसपास उतरला होता. डोंगराळ किंवा हिमालयीन प्रदेशाला साजेसा हा आकडा गोदावरीच्या खोऱ्यातील एका शेतावर नोंदला गेला.

या थंडीला दुसऱ्या बाजूने अडवणाराही एक घटक आहे, तो म्हणजे बंगालचा उपसागर. ऑक्टोबर ते डिसेंबर हा तेथील चक्रीवादळांचा हंगाम. एखादे कमी दाबाचे क्षेत्र तामिळनाडू वा आंध्र प्रदेशच्या किनाऱ्याकडे सरकले की पूर्वेकडून बाष्प येते, मराठवाड्याचे आकाश ढगाळते आणि रात्रीचा पारा पाच-सात अंशांनी चढतो. थोडक्यात, हिंगोलीचा शरद आणि हेमंत हा हिमालय आणि बंगालचा उपसागर यांच्यातील ओढाताणीचा काळ असतो. कोणत्या आठवड्यात कोणाची सरशी होईल, यावर पिकांचे भवितव्य ठरते. महिन्याच्या सरासरीत मात्र ही ओढाताण पुसली जाते.

तीन शरद, तीन तऱ्हा

प्रशांत महासागरातील ‘एल निनो’ आणि ‘ला निना’ हे शब्द आता मराठवाड्यातील चावडीवरही ऐकू येतात. एल निनो म्हणजे दुष्काळ आणि ला निना म्हणजे पाऊस व थंडी, असे सरळ समीकरण रूढ झाले आहे. २०२३, २०२४ आणि २०२५ या तीन वर्षांच्या शरद ऋतूंनी या समीकरणाच्या मर्यादा उघड केल्या. योगायोगाने या तीन वर्षांत प्रशांत महासागराची स्थिती तीन वेगवेगळ्या प्रकारची होती.

२०२३ हे एल निनोचे वर्ष. त्या वर्षीचा ऑगस्ट महिना १९०१ पासूनच्या नोंदींत देशातील सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. सोयाबीनला ऐन शेंगा भरण्याच्या काळात पाण्याचा ताण बसला. त्या वर्षी शरद कोरडा जाईल आणि रब्बीला ओल कमी पडेल, अशी सर्वसाधारण धारणा होती. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मात्र मराठवाड्यासह राज्याच्या अनेक भागांना अवकाळी पावसाने आणि काही ठिकाणी गारपिटीने झोडपले. ज्या महिन्यात पाऊस नसणे हेच सामान्य मानले जाते, त्या महिन्यात फुलोऱ्यातील तूर आणि वेचणीचा कापूस भिजला. दुष्काळाची धास्ती असलेल्या वर्षातच अतिपावसाने नुकसान केले.

२०२४ मध्ये चित्र उलटे होते. ला निना पावसाळ्याच्या उत्तरार्धात येईल, अशी अपेक्षा जगभरच्या संस्था व्यक्त करीत होत्या. ती प्रत्यक्षात लांबली. त्याआधीच, सप्टेंबरच्या पहिल्या दोन दिवसांत हिंगोली, नांदेड, परभणी या जिल्ह्यांत अतिवृष्टीने पूर आणले. पुढे ऑक्टोबर २०२४ हा सरासरी तापमानाच्या दृष्टीने देशातील १९०१ नंतरचा सर्वांत उष्ण ऑक्टोबर ठरला. नोव्हेंबरच्या उत्तरार्धात गारठा सुरू झाला, तोच ३० नोव्हेंबर रोजी ‘फेंगल’ चक्रीवादळ पुद्दुचेरीजवळ किनाऱ्यावर आले आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मराठवाड्याची थंडी गायब झाली. ढग हटल्यावर डिसेंबरच्या मध्यास परभणी परिसरात पारा पुन्हा ५ अंशांच्या खाली उतरला. म्हणजे अवघ्या एका पंधरवड्यात ढगाळ ऊब आणि हाडे गोठवणारा गारठा, दोन्ही येऊन गेले. महिन्याच्या सरासरीत ही दोन्ही टोके एकमेकांना खोडून टाकतात. शेतातल्या पिकाला मात्र ती दोन्ही सोसावी लागतात.

२०२५ मध्ये मान्सून २४ मे रोजीच केरळात दाखल झाला आणि देशात पाऊस दीर्घकालीन सरासरीच्या १०८ टक्के झाला. मराठवाड्यासाठी हा आकडा दिलासा देणारा नव्हता. सप्टेंबरमध्ये नद्यांना पूर आले, जमिनी खरडल्या गेल्या, काढणीला आलेले सोयाबीन पाण्यात राहिले. राज्य सरकारने ७ ऑक्टोबर रोजी ३१ हजार ६२८ कोटी रुपयांचे मदत पॅकेज जाहीर केले. त्यात रब्बीच्या पेरणीसाठी हेक्टरी १० हजार रुपयांची तरतूद होती. याच सुमारास सौम्य ला निनाची स्थिती निर्माण झाल्याचे अमेरिकेच्या हवामान संस्थेने जाहीर केले आणि ‘दशकांतील सर्वांत कडक हिवाळा’ अशा बातम्यांना उधाण आले. थंडीची वाट पाहिली जात असतानाच २८ ऑक्टोबरच्या रात्री ‘मोंथा’ चक्रीवादळ आंध्र प्रदेशच्या किनाऱ्यावर धडकले आणि त्याच्या अवशेषांनी विदर्भ-मराठवाड्यात ढग व पाऊस आणला. नोव्हेंबरच्या मध्यास मात्र उत्तरेचे वारे वाहू लागले आणि राज्याच्या अनेक भागांत गारठा वेळेआधीच जाणवला.

एल निनो, ना धड एल निनो ना धड ला निना, आणि सौम्य ला निना अशा तीन अवस्थांत हिंगोलीच्या परिसराने शरदात संकटच अनुभवले. याचा अर्थ प्रशांत महासागराचा अभ्यास निरुपयोगी आहे, असा नाही. तो संपूर्ण हंगामाचा कल सांगतो आणि धरणांचे, धान्यसाठ्यांचे व आयातीचे राष्ट्रीय नियोजन त्यावर होऊ शकते. परंतु वसमतच्या शेतकऱ्याला कोणत्या आठवड्यात मळणी करावी, हे तो सांगत नाही. त्याच्याकडून ती अपेक्षाही नसावी.

महिन्याचा अंदाज, नक्षत्राची शेती

दीर्घकालीन अंदाजाची भाषा संभाव्यतेची असते. तापमान किंवा पाऊस सरासरीइतका, सरासरीपेक्षा अधिक किंवा कमी, असे तीन गट करून प्रत्येकाची शक्यता टक्क्यांत मांडली जाते. काहीच विशेष संकेत नसेल तेव्हा प्रत्येक गटाची शक्यता साधारण ३३ टक्के असते. नकाशावर मराठवाड्याचा रंग ‘सरासरीपेक्षा अधिक, ४५ टक्के’ असा असेल, तर त्याचा अर्थ अन्य दोन शक्यता मिळून ५५ टक्के शिल्लक आहेत, असाही होतो. मथळ्यात हे ५५ टक्के हरवतात आणि ‘कल’ हा ‘निर्णय’ होऊन बसतो. मग अंदाज चुकला म्हणून शास्त्रज्ञांना दोष दिला जातो. वास्तविक अंदाजात जे म्हटलेच नव्हते, त्याचा तो दोष असतो.

दुसरा प्रश्न अवधीचा आहे. परंपरेने शेतकरी हा काळ महिन्यांत मोजत नाही. सप्टेंबरच्या अखेरीस हस्त, ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यापासून चित्रा, त्यानंतर स्वाती आणि नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात विशाखा, अशा तेरा-चौदा दिवसांच्या तुकड्यांत त्याचा शरद विभागलेला असतो. हस्ताचा पाऊस रब्बीला ओल देतो आणि चित्राचा लांबला तर काढलेले सोयाबीन खराब करतो, हे अनुभवाचे गणित. नक्षत्रांमुळे पाऊस पडतो, असे मानण्याचे कारण नाही. मात्र शेतीचे निर्णय पंधरवड्याच्या मापाने होतात, हे त्या गणितामागील सत्य आहे.

हे निर्णय किती बारीक असतात, ते पाहण्यासारखे आहे. सोयाबीनची काढणी प्रामुख्याने ऑक्टोबरमध्ये होते. कापून टाकलेल्या पिकावर तीन-चार दिवस पाऊस पडला तर शेंगांतच कोंब फुटतात, दाण्यावर बुरशी चढते. कोरडवाहू हरभरा आणि रब्बी ज्वारी जमिनीतील ओल टिकून असतानाच, साधारण ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पेरावी लागते. बागायती हरभऱ्याला नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत मुभा असते. गव्हाची वेळेवरची पेरणी नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यातली. त्यानंतर उशीर होत गेला की दाणा भरण्याचा थंड काळ आखडतो आणि उत्पादन उतरते. पाऊस लांबला तर सोयाबीन शेतातच राहते आणि जमिनीला वाफसा येत नाही. वाफसा नाही म्हणून पेरणी खोळंबते. पेरणी लांबली की तेच पीक मार्चच्या उन्हात सापडते. एका नक्षत्राचा उशीर अशा रीतीने संपूर्ण वर्षात पसरतो.

तुरीची कथा वेगळी नाही. नोव्हेंबरात ती फुलोऱ्यात असते. ढगाळ हवा आणि पहाटेची दाट धुई यांनी फुलगळ होते आणि शेंगा पोखरणाऱ्या अळीचा जोर वाढतो. हरभऱ्यावरील घाटेअळीलाही असेच वातावरण मानवते. उलट निरभ्र आकाश आणि कोरडी थंडी हरभरा व गव्हाला फलदायी ठरते. म्हणजे ‘थंडी कमी’ हा अंदाज शहरात दिलासा मानला जात असला, तरी हिंगोलीच्या शिवारात तो रोगराईचा आणि उत्पादन घटण्याचा इशारा असतो. ‘थंडी अधिक’ या शब्दांनी शहरात धास्ती वाटते. गव्हाच्या शेतात त्याचे स्वागत होते, मात्र वसमत परिसरातील केळीच्या बागेत त्याच थंडीने वाढ खुंटते. एकाच तालुक्यात एकाच पाऱ्याचे दोन अर्थ निघतात.

या सर्वांत हळदीचे स्थान विशेष आहे. हिंगोली जिल्हा हा राज्यातील हळदीचा प्रमुख जिल्हा आणि वसमत ही त्याची मोठी बाजारपेठ. ‘वसमत हळदी’ला भौगोलिक मानांकन मिळाले आहे आणि वसमत येथे हळद संशोधन व प्रशिक्षण केंद्राची उभारणी झाली आहे. मे-जूनमध्ये लावलेल्या हळदीचे कंद ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात पोसतात आणि जानेवारीपासून काढणी सुरू होते. या तीन महिन्यांत शेतात पाणी साचले तर कंदकूज लागते. दमट, ढगाळ हवेत पानांवर करपा येतो. हळद आठ-नऊ महिने जमिनीत राहते, तिच्यावर खर्च मोठा होतो आणि नुकसान जमिनीखाली होत असल्यामुळे ते काढणीपर्यंत दिसत नाही. शरदाच्या अंदाजाची सर्वाधिक गरज असलेले हे पीक दीर्घकालीन अंदाजाच्या मथळ्यात मात्र कधीच नसते.

आकडा कोणाचा?

तिसरा प्रश्न मोजमापाचा आहे. हिंगोलीची थंडी बहुधा परभणीच्या आकड्याने सांगितली जाते. परभणीतही शहराजवळची नोंद आणि विद्यापीठाच्या प्रक्षेत्रावरील नोंद यांत फरक पडतो. सेनगावच्या माळावर, कयाधूच्या काठावर आणि सिद्धेश्वर धरणाखालच्या ओलिताच्या पट्ट्यात एकाच पहाटे पारा सारखा नसतो. हवामान विभागाच्या व्याख्येनुसार मैदानी भागात किमान तापमान १० अंश किंवा त्याहून कमी असेल आणि ते सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी खाली असेल, तर थंडीची लाट मानली जाते. पारा ४ अंशांवर वा त्याखाली गेल्यास तसाही तो लाटेचाच दिवस. ही व्याख्या शास्त्रीय तुलनेसाठी आवश्यक आहे. पण सरासरी १३ अंशांची असलेल्या ठिकाणी ९ अंशांची सलग आठ पहाट गेली, तर कागदावर लाट नसते आणि केळीच्या बागेत नुकसान झालेले असते.

महसूल मंडळ पातळीवर स्वयंचलित हवामान केंद्रे उभारण्याचा ‘महावेध’ प्रकल्प राज्याने सुमारे दशकभरापूर्वी हाती घेतला. त्यामुळे पावसाच्या नोंदी पूर्वीपेक्षा खूप जवळून मिळू लागल्या. मात्र या नोंदींचा उपयोग प्रामुख्याने अतिवृष्टीची भरपाई आणि पीकविमा ठरविण्यासाठी, म्हणजे नुकसान झाल्यानंतर होतो. नुकसान टाळण्यासाठी, म्हणजे मंडळनिहाय किमान तापमान, आर्द्रता आणि धुई यांचा इशारा आदल्या दिवशी देण्यासाठी त्याच यंत्रणेचा वापर होणे अधिक महत्त्वाचे आहे.

विज्ञान त्या दिशेने पुढे जात आहे, हेही नोंदवले पाहिजे. पुण्याच्या भारतीय उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्थेने विकसित केलेली ‘भारत फोरकास्ट सिस्टिम’ ही सहा किलोमीटर विभेदनाची प्रणाली मे २०२५ मध्ये राष्ट्राला अर्पण झाली. हवामान विभाग दर गुरुवारी पुढील चार आठवड्यांचा विस्तारित अंदाज देतो. त्यातील पहिल्या दोन आठवड्यांचा भाग शेतीच्या पंधरवड्याशी नेमका जुळणारा आहे. परभणीच्या कृषी विद्यापीठातून आठवड्यातून दोनदा मराठवाड्यासाठी कृषी हवामान सल्ला निघतो. माहितीचा दुष्काळ आहे, असे आता म्हणता येत नाही.

दुर्बळ झाली आहे ती शेवटची कडी. कृषी विज्ञान केंद्रांमध्ये स्थापन झालेले देशभरातील १९९ जिल्हा कृषी हवामान कक्ष २०२४ च्या मार्चअखेर बंद करण्यात आले. स्वयंचलित यंत्रणेतून सल्ला तयार होऊ शकतो, असा युक्तिवाद त्यामागे होता. परंतु संगणक तापमान सांगतो. ‘आज हळदीला पाणी देऊ नका, उद्या सोयाबीन झाका, परवा फवारणी करा’ हे स्थानिक माती आणि पीक पाहणाऱ्या माणसालाच सांगावे लागते. दिल्लीच्या अंदाजाचे शिवाराच्या भाषेत रूपांतर करणारा दुवाच काढून घेतल्यावर अंदाज अचूक असूनही तो मुका राहतो.

कळते, पण वळवता येत नाही

समजा, हा दुवाही सांधला गेला आणि पाच दिवसांनी पाऊस येणार, हे कळमनुरीच्या शेतकऱ्याला नेमके कळले. पुढे काय? गावातील सर्वांचे सोयाबीन एकाच आठवड्यात कापणीला आलेले असते. मजुरांच्या टोळ्या आणि मळणीयंत्रे तेवढीच असतात. मागणी वाढताच मजुरी आणि मळणीचे दर चढतात. ज्याच्याकडे रोख आहे त्याचे धान्य घरी येते. ज्याच्याकडे नाही त्याची गंजी ताडपत्रीच्या भरवशावर राहते. अंदाज दोघांनाही सारखाच मिळालेला असतो.

घाईने मळलेल्या दाण्यात ओलावा अधिक असतो. हमीभावाच्या खरेदीसाठी ओलाव्याची मर्यादा १२ टक्के आहे. २०२४ मध्ये सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४ हजार ८९२ रुपये असताना बाजारात त्याहून बरेच कमी दर मिळत होते आणि ओलाव्यामुळे खरेदी केंद्रांवरून माल परत जात होता. अखेर नोव्हेंबरच्या मध्यास ही मर्यादा १५ टक्क्यांपर्यंत शिथिल झाली. तोवर गरजू शेतकऱ्यांनी माल व्यापाऱ्याला विकलेला होता. २०२५ मध्ये हमीभाव ५ हजार ३२८ रुपये झाला, परंतु प्रत्यक्ष खरेदी १५ नोव्हेंबरपासून सुरू झाली. काढणी ऑक्टोबरात, दिवाळी ऑक्टोबरात, रब्बीच्या बियाण्यांचा खर्च ऑक्टोबरात आणि खरेदी नोव्हेंबरच्या मध्यापासून, या वेळापत्रकात अचूक हवामान अंदाजाला काय अर्थ उरतो? कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण योजना १९९० पासून अस्तित्वात आहे. गावापासून गोदाम दूर असले आणि माल ओला असला की तीही कागदावर राहते.

थंडीच्या बाबतीतही तेच. पारा घसरणार असेल तेव्हा सायंकाळी वा रात्री हलके पाणी द्यावे, म्हणजे जमिनीची ऊब टिकते आणि पिकाला झळ कमी बसते, असा सल्ला कृषी विद्यापीठे देतात. सल्ला योग्यच आहे. पण कृषिपंपाला वीज कोणत्या वेळी मिळणार, हे पारा ठरवत नाही, भारनियमनाचे वेळापत्रक ठरवते. वीज मध्यरात्रीनंतर आली, तर ५-६ अंशांत पाण्यात उभे राहून दारे मोडण्याची वेळ शेतकऱ्यावर येते. दिवसा वीज देण्यासाठी आखलेली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना या दृष्टीने केवळ ऊर्जेची नव्हे, तर हिवाळ्यातील आरोग्याची आणि सुरक्षिततेचीही योजना आहे. तिची प्रगती मेगावॉटमध्ये मोजली जाते. किती फीडरवरील शेतकऱ्यांची रात्रपाळी संपली, या मापाने ती मोजली गेली पाहिजे.

कालव्याच्या पाण्याचेही असेच आहे. परभणी जिल्ह्यातील येलदरी आणि त्याखालचे औंढा तालुक्यातील सिद्धेश्वर यांचा पूर्णा प्रकल्प, तसेच पैनगंगेवरील इसापूर यांवर या भागाच्या रब्बीची मदार आहे. रब्बीची आवर्तने कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत ठरतात. बैठकीला उशीर झाला की पहिले आवर्तन लांबते आणि नेमके थंडीच्या, गव्हाला मुकुटमुळे फुटण्याच्या दिवसांत पाणी मिळत नाही. धरण भरलेले असूनही.

आणि या साऱ्यावरचे शेवटचे छत्र, पीकविमा, शरदाच्याच बाबतीत आखडले गेले. एक रुपयात विम्याची योजना २०२३ मध्ये सुरू झाली आणि २०२५ च्या खरिपापासून ती बंद होऊन सुधारित योजना आली. तीत काढणीपश्चात नुकसान आणि स्थानिक आपत्ती यांच्या वैयक्तिक दाव्यांची तरतूद न ठेवता भरपाई पीककापणी प्रयोगांवर आधारण्यात आली. एक रुपयाच्या योजनेतील बोगस अर्जांमुळे सुधारणा आवश्यक होती, हे मान्य केले तरी त्याचा परिणाम नजरेआड करता येत नाही. पीककापणी प्रयोग उभ्या पिकाचे उत्पन्न मोजतो. कापून शेतात सुकत घातलेले सोयाबीन चित्रा नक्षत्राच्या पावसात सडले, तर ते त्या मापात येतच नाही. ज्या वर्षी मराठवाड्याला परतीच्या काळातील पावसाने सर्वाधिक छळले, त्याच वर्षी हे कवच निघून गेलेले होते.

अंदाजाला कृतीची जोड

उपाय फार खर्चिक नाहीत. त्यांना समन्वय हवा आहे. दर गुरुवारच्या विस्तारित अंदाजाचे जिल्हा पातळीवर पीकनिहाय, पंधरवड्याच्या मापाने रूपांतर करणारा माणूस प्रत्येक कृषी विज्ञान केंद्रात असला पाहिजे. हिंगोलीसारख्या टेकड्या, ओलिताचा पट्टा आणि हळद अशा मिश्र जिल्ह्यात तर तो अपरिहार्य आहे. मंडळनिहाय केंद्रांच्या किमान तापमानाच्या व आर्द्रतेच्या नोंदी रोजच्या रोज सर्वांना खुल्या झाल्या, तर परभणीच्या आकड्यावरून हिंगोलीची थंडी ताडण्याची वेळ येणार नाही.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे शासनाच्या स्वतःच्या तारखा हवामानाशी बांधल्या गेल्या पाहिजेत. ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात पावसाचा इशारा असेल, तर ओलाव्याची सवलत आणि गावपातळीवर दाणे वाळवण्याची सोय त्याच वेळी जाहीर व्हावी, महिन्यानंतर नव्हे. थंडीचा इशारा मिळताच त्या चार-पाच दिवसांसाठी कृषी फीडरचा वीजपुरवठा दिवसा वळवण्याचा अधिकार स्थानिक अधिकाऱ्याला असावा. कालव्याचे पहिले आवर्तन बैठकीच्या सोयीने नव्हे, तर पेरणीच्या तारखेने ठरावे. विम्यात काढणीनंतरच्या नुकसानीला पुन्हा जागा मिळावी; बोगस दावे रोखण्यासाठी मंडळनिहाय पावसाची नोंद हाताशी आहेच.

हवामान विभागाची १८७५ मध्ये स्थापना झाली तेव्हा दुष्काळ आणि वादळे यांची पूर्वसूचना हा त्यामागचा हेतू होता. दीडशे वर्षांत पूर्वसूचना देण्याचे शास्त्र कितीतरी पुढे गेले. पूर्वसूचना ऐकून हालचाल करण्याची व्यवस्था मात्र मागे राहिली. पुढील शरदातही नकाशे येतील, रंग भरले जातील, एल निनो की ला निना याची चर्चा होईल. हिंगोलीतील शेतकऱ्याच्या दृष्टीने त्या अंदाजाची कसोटी एकच असेल. पाऊस येणार हे कळल्यानंतरच्या पाच दिवसांत त्याला धान्य घरी आणता आले का, आणि पारा उतरणार हे कळल्यानंतर दिवसाउजेडी पाणी देता आले का. या दोन प्रश्नांना होकार मिळेपर्यंत अंदाज कितीही अचूक ठरले, तरी नुकसानीचे पंचनामे चुकणार नाहीत.